एमबीए सीईटी वर्षातून दोनदा: पर्सेंटाइल वाढेल, पण नंबर?

२०२६-२७च्या प्रवेशांपासून महाराष्ट्रात एमबीएची सीईटी वर्षातून दोनदा घेण्याचा निर्णय राज्य सरकारनं जाहीर केला आणि सगळीकडे एकच प्रतिक्रिया उमटली: चला, एक चान्स जास्त मिळाला. पीसीएम आणि पीसीबी गटांच्या सीईटीलाही हाच नियम आहे. दुसरी परीक्षा ऐच्छिक आहे. दोन्ही दिल्या तर ज्यात पर्सेंटाइल जास्त, तो निकाल प्रवेशासाठी धरायचा. ऐकायला सगळा फायदाच. पण पर्सेंटाइल नावाची वस्तू नेमकी कशी तयार होते ते समजून घेतलं, तर हा फायदा वाटतो तेवढा सरळ नाही हे लक्षात येतं.

आधी परीक्षा. गेल्या काही वर्षांचा साचा असा: २०० प्रश्न, १५० मिनिटं, निगेटिव्ह मार्किंग नाही. लॉजिकल रिझनिंगचे ७५, ॲब्स्ट्रॅक्टचे २५, गणिताचे ५०, इंग्रजीचे ५०. म्हणजे एका प्रश्नाला ४५ सेकंद. मुलं एवढी असतात की सगळ्यांना एका वेळी कॉम्प्युटरसमोर बसवता येत नाही, म्हणून परीक्षा दोन-तीन दिवस, वेगवेगळ्या शिफ्टमध्ये चालते. २०२४ला ती ९ ते ११ मार्चला झाली, २०२५ला १ ते ३ एप्रिलला.

प्रत्येक शिफ्टचा पेपर वेगळा. कुणाचा सोपा निघतो, कुणाचा अवघड. त्यामुळे मार्कांची थेट तुलना करत नाहीत. तुमच्या शिफ्टमध्ये जेवढी मुलं बसली, त्यातल्या किती जणांना तुमच्याएवढे किंवा तुमच्यापेक्षा कमी मार्क पडले, त्याची टक्केवारी काढतात. तेच तुमचं पर्सेंटाइल. २०,००० मुलांच्या शिफ्टमध्ये १९,००० मुलं तुमच्या मार्कांवर किंवा खाली असतील, तर तुम्ही ९५ पर्सेंटाइल. पेपर अवघड असेल तर सगळ्यांनाच अवघड, त्यामुळे तुलना बिघडत नाही.

या हिशोबाला एक अट आहे, आणि ती फारसं कुणी सांगत नाही. सगळ्या शिफ्टमधली मुलं साधारण सारख्या दर्जाची हवीत. कोण कोणत्या शिफ्टला बसणार हे मुलांनी स्वतः ठरवलेलं नसतं, त्यामुळे ही अट बऱ्यापैकी पाळली जाते. शिवाय परिस्थितीही सारखी हवी. २०२३च्या मार्चमधली परीक्षा आठवत असेल: काही केंद्रांवर तांत्रिक बिघाड झाले, काही मुलांना जादा वेळ मिळाला, बाकीच्यांना नाही, आणि तो वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. मुलांचा मुद्दा बरोबर होता. पेपर अवघड-सोपा असण्यातला फरक हे सूत्र झेलू शकतं, घड्याळातला फरक नाही.

दोन संधींमध्ये मात्र ही मूळ अटच हलते. दुसऱ्या परीक्षेला बसायचं की नाही हे मुलं स्वतः ठरवणार.

समजा पहिल्या परीक्षेला १ लाख मुलं बसली आणि १२० मार्कांवर ९० पर्सेंटाइल आलं. आता दुसऱ्या वेळी फक्त ३०,००० आले. फॉर्म भरून नुसतेच येऊन गेलेले गळाले, जिद्दीनं तयारी करणारे उरले. त्यात १२० किंवा कमी मार्कांची २४,००० मुलं असतील, तर त्याच १२० मार्कांना ८० पर्सेंटाइल. उलटही होऊ शकतं. ज्यांना ९९.९ पडले ते पुन्हा कशाला येतील? ते घरी बसले, पहिल्या वेळी घसरलेलेच जास्त आले, तर १२०ला ९३सुद्धा मिळेल. हे आकडे माझे, उदाहरणापुरते. कोणत्या वर्षी कोणती गर्दी येईल हे आधी सांगता येत नाही, आणि क्लासवाले सांगत असतील तर त्यांना विचारा की कशावरून.

मागच्या वर्षीचा कटऑफ विसरा

याहून महत्त्वाची गोष्ट मेरिट लिस्टची. पहिल्या परीक्षेत १ लाख मुलं, म्हणजे ९९च्या वर साधारण १,०००. दुसऱ्या परीक्षेत ५०,००० आली असं धरा, तर तिथे ९९च्या वर आणखी ५००. त्यातली २०० दोन्हीकडे सारखी. एकत्र यादी केली की ९९च्या वर १,३०० मुलं झाली. पूर्वी ९९ म्हणजे हजारावा नंबर असायचा, आता तेच ९९ म्हणजे तेराशेवा. जमनालाल बजाज किंवा सिडनहॅमच्या जागा काही वाढलेल्या नाहीत. म्हणजे कटऑफचं पर्सेंटाइल वर जाणार, आणि जुन्या कटऑफवरून बनवलेले कॉलेज प्रेडिक्टर चुकणार.

जेईई मेन २०१९पासून वर्षातून एकापेक्षा जास्त वेळा होते आणि सर्वोत्तम स्कोअर धरला जातो. तिथे मुलं रँक विचारतात. आपल्याकडे अजून ‘किती पर्सेंटाइल?’ हाच प्रश्न आहे. सीईटी सेलच्या मेरिट लिस्टमधला राज्याचा मेरिट नंबर बघायची सवय लावा. जुन्या कटऑफच्या यादीत पर्सेंटाइलसोबत मेरिट नंबरही दिलेला असतो. तुलना करायचीच तर त्याच्याशी करा.

चांदूर बाजारहून बघितलं तर

आता हाच निर्णय चांदूर बाजारहून बघू. टोम्पे महाविद्यालयातून बी.कॉम. करणारी मुलगी, घरी चार-पाच एकर संत्रा. सीईटीचं केंद्र अमरावतीला मिळालं तरी सकाळच्या शिफ्टसाठी भल्या पहाटे निघायचं किंवा आदल्या दिवशी नातेवाइकांकडे जाऊन झोपायचं. दुसरी संधी म्हणजे हे सगळं दुसऱ्यांदा, आणि मध्ये अमरावती विद्यापीठाच्या शेवटच्या सत्राची परीक्षा. पुण्यात खोली करून क्लास लावलेल्या पोट्ट्याला दुसरी परीक्षा म्हणजे आणखी एक मॉक. हिला तो खर्च आहे. म्हणून माझं मत: पहिलीच खरी समजून द्यावी. दुसरी तेव्हाच, जेव्हा पहिल्या दिवशी आजारपण, लाइट जाणं असं काही ठोस बिघडलं असेल, किंवा मॉकमध्ये सतत पंधरा-वीस मार्क जास्त पडत असतील.

परीक्षेइतकंच कॅपमध्ये गमावलं जातं. ऑप्शन फॉर्म भरताना बरेच जण तो नेटकॅफेवाल्या भाऊवर सोडून मोकळे होतात. सॉफ्टवेअरचं काम साधं आहे: मेरिट नंबरनुसार एकेक विद्यार्थी घ्यायचा, त्याची यादी वरून खाली वाचायची, आरक्षणाचे नियम लावून जिथे पहिली मोकळी जागा दिसेल ती द्यायची. वरच्या नंबरवर ‘न मिळणारं’ कॉलेज टाकल्यानं खालचं हुकत नाही. ही भीती निराधार आहे, तरी दरवर्षी मुलं त्यापोटी चांगली कॉलेजं गाळतात. उलट धोका दुसरीकडे आहे. पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं की ते ऑटो फ्रीझ होतं, पुढच्या फेऱ्यांत बदल मिळत नाही. म्हणून घराजवळ आहे एवढ्यासाठी एखादं कॉलेज एक नंबरवर टाकू नका. खरोखर तेच हवं असेल तरच टाका.

कागदांचं थोडक्यात: नॉन क्रिमीलेअर ज्या शैक्षणिक वर्षात प्रवेश, त्या वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत वैध लागतं, आणि जात पडताळणीला वेळ जातो, तिचा अर्ज सीईटीच्या अभ्यासासोबतच सुरू करावा. (आणि हो, तालुक्याच्या ड्रॉपडाउनमध्ये चांदूर बाजार आणि चांदूर रेल्वे शेजारी-शेजारी असतात. दोन्ही अमरावती जिल्ह्यातले. सबमिट करण्याआधी एकदा बघून घ्या.)

पैशाचा भाग मात्र नीट वाचा. ८ जुलै २०२४च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी फी आणि परीक्षा फी शंभर टक्के सरकार भरतं. पण प्रवेश कॅपमधून झालेला हवा. मॅनेजमेंट कोटा, संस्था स्तरावरचे प्रवेश, अभिमत विद्यापीठं यांना ही सवलत नाही. स्नॅप देऊन सिम्बायोसिसला जाणाऱ्या मुलीचा आणि कॅपमधून सरकारी किंवा खासगी कॉलेजात जाणाऱ्या मुलीचा हिशोब इथे वेगळा होतो, आणि तो काही लाखांनी वेगळा होतो. राहण्या-खाण्यासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. भाऊसाहेबांच्या जिल्ह्यातच ती पुरेशी माहीत नसावी हे जरा वाईट वाटतं. अर्ज महाडीबीटीवर करायचा, आणि ही रक्कम उशिरा येऊ शकते हे धरूनच पहिल्या महिन्यांची सोय करायची. कॅपच्या फेऱ्या आणि कॉलेजची पहिली भरणी पावसाळ्यात येते. अंबियाचा पैसा दिवाळीच्या आसपास. मधले तीन-चार महिने कसे काढायचे, याचं उत्तर कुठल्याच माहितीपुस्तिकेत नसतं. शैक्षणिक कर्ज घ्यायचं असेल तर बँकेत मेरिट लिस्ट लागल्यावरच जा, अलॉटमेंटची वाट बघू नका.

दोन परीक्षांमधल्या काळात ‘पर्सेंटाइल वाढवून देतो’ असे फोन येतील. २०२५च्या सीईटीच्या वेळी असंच आमिष दाखवणाऱ्यांना मुंबई पोलिसांनी दिल्लीतून पकडलं होतं. फोन करणाऱ्याकडे तुमचं नाव आणि नंबर असला, म्हणून त्याला तुमच्या निकालाला हात लावता येतो असं होत नाही.

आणि एमबीए सुरू झाल्यावर? पहिल्या वर्षी अकाउंट्स, मार्केटिंग, एचआर, आकडेशास्त्र सगळ्यांना सारखं. मराठी माध्यमातल्या मुलांना विषय जड जात नाहीत. जड जातं ते दर आठवड्याला उभं राहून इंग्रजीत प्रेझेंटेशन देणं, आणि ग्रुपमधल्या इंजिनिअर मुलांनी एक्सेलमध्ये झरझर मांडलेलं मॉडेल समजून घेणं. दुसरं आपल्या हातात आहे. सीईटी संपल्यापासून वर्ग सुरू होईपर्यंत तीनेक महिने मिळतात. तेवढ्यात पिव्होट टेबल, लूकअप आणि साधा कॅशफ्लो शिकून होतो, फुकट, मोबाइलवर बघून आणि कॉलेजच्या लॅबमध्ये करून. सरावाला घरच्या बागेचाच हिशोब घ्या: फवारणी, मजुरी, खत, तोड, व्यापाऱ्याचा भाव, महिन्यानुसार. पहिल्या वर्षानंतरच्या समर इंटर्नशिपसाठी ॲग्री-इनपुट किंवा ग्रामीण बँकिंगमधली कंपनी मुलाखत घेईल, तेव्हा ही शीट दाखवता येते.