हरलेल्या संघाचे काय?

अमेरिकेतील एमआयटी विद्यापीठात १९९० पासून विद्यार्थ्यांच्या उद्योगकल्पनांची स्पर्धा भरते. पहिले बक्षीस तेव्हा १० हजार डॉलर होते. १९९८ मध्ये प्राध्यापक टॉम लेटन आणि त्यांचा विद्यार्थी डॅनी लेविन यांचा संघ अंतिम फेरीत गेला, पण जिंकला नाही. त्याच वर्षी त्यांनी ‘अकामाई’ कंपनी काढली. इंटरनेटवरील मजकूर जगभर जलद पोहोचवण्याचे काम ती आजही करते.

म्हणजे परीक्षकांचा नकार हा कल्पनेचा शेवट नसतो. मात्र त्यासाठी मुलांना आधी मंचापर्यंत पोहोचता आले पाहिजे. यंत्रमागाच्या अडचणी घरातच पाहिलेली मालेगाव, भिवंडीची मुले इंग्रजीच्या धास्तीने नावच देत नसतील, तर नुकसान कोणाचे?

आपल्या विद्यापीठांनी मराठी, हिंदी, उर्दूत मांडणीची मुभा द्यावी. सफाईदार बोलण्यापेक्षा ‘किती ग्राहकांना भेटलात?’ या प्रश्नाच्या उत्तराला जास्त गुण द्यावेत. हरलेल्या प्रत्येक संघाला लेखी अभिप्राय मिळावा.

आणि आपण, नोकरीत स्थिरावलेल्या अभियंत्यांनी, महिन्यातला एक रविवार या मुलांसाठी काढावा. बक्षीस एकालाच मिळते. मार्गदर्शन सर्वांना मिळू शकते.