सीव्ही आणि रेझ्युमे: द्वैत की अद्वैत?

माझ्या भाच्याने गेल्या महिन्यात अडीच हजार रुपये मोजून ब्रह्मज्ञान विकत घेतलं. सीव्ही वेगळा आणि रेझ्युमे वेगळा! एका एसी हॉलमध्ये टायवाल्या करिअर कोचने ते बासष्ट स्लाइड आणि एका समोशाच्या साहाय्याने प्रदान केलं. भाचा मेकॅनिकल इंजिनिअर, अनुभव आठ महिने. घरी आला तो थेट शंकराचार्यांच्या थाटात. "मामा, लोक बायोडेटा, सीव्ही, रेझ्युमे सगळं एकच समजतात. काय म्हणावं या अज्ञानाला!"

अज्ञानी मामाने चहा टाकला.

फरक आहे का? आहे की. पण तो राहतो अमेरिकेत. तिथे प्राध्यापकी किंवा पोस्टडॉक मागायची तर सीव्ही लागतो: शोधनिबंध, परिषदा, शिकवलेले विषय, मिळालेली अनुदानं, सगळं साग्रसंगीत. पानांना धरबंध नाही. मुरलेल्या प्राध्यापकाचा सीव्ही वाचता वाचता निवड समितीतला एखादा निवृत्त व्हायचा. बाकी नोकऱ्यांना रेझ्युमे: एक-दोन पानं, त्या पदाला लागेल तेवढंच. तुमची लेक तिकडे पीएचडीला अर्ज करत असेल तर तिने हा भेद जरूर पाळावा. झालं. चहा उकळेपर्यंत सांगून होतं. उरलेल्या साठ स्लाइडवर काय होतं, देव जाणे.

समुद्र ओलांडून ब्रिटनला या, की हा वेदान्त कोसळतो. तिथे अमेरिकनांच्या रेझ्युमेलाच सीव्ही म्हणतात आणि तोही दोन पानांत आटोपतात. खरी गंमत तर फ्रान्समध्ये. रेझ्युमे हा शब्द मुळात फ्रेंचांचा, अर्थ सारांश. मग फ्रेंच माणूस नोकरी मागायला काय पाठवतो? सीव्ही! त्याच्या लेखी रेझ्युमे म्हणजे कादंबरीचा गोषवारा. ज्यांच्या घरचा शब्द, त्यांनी तो या कामाला लावलाच नाही. आणि आमचा कोच मात्र शेवटच्या 'ई'वरच्या फ्रेंच तुऱ्यासाठी पोरांचे मार्क कापतो.

पाचव्या स्लाइडवर म्हणे लिओनार्दो दा विंची होता. 1482च्या सुमारास त्याने मिलानच्या लुडोविको स्फोर्झाला काम मागणारं पत्र लिहिलं. हलके पूल बांधतो, तोफा ओततो, चिलखती रथ बनवतो अशी यादी दिली आणि चित्रंही काढतो हे अगदी शेवटी, जाता जाता. समोरच्याला लढाईची चिंता आहे, मोनालिसाची नाही (ती तेव्हा काढलीही नव्हती), एवढं त्या माणसाला कळत होतं. अर्ज कसा करावा याचं सगळं मर्म त्यात आलं. कोचने त्यातून काय शिकवलं? पाचव्या स्लाइडवर हा जगातला पहिला सीव्ही होता. चाळिसाव्या स्लाइडवर तोच पहिला रेझ्युमे झाला. कुणी हात वर केला नाही. समोसे यायचे होते.

मग भाच्याच्या कागदावर शस्त्रक्रिया झाली. माथ्यावरचं 'बायोडेटा' गेलं, 'रेझ्युमे' आलं. वडिलांचं नाव आणि व्यवसाय उडवला, 'हे लग्नाच्या स्थळाला' म्हणून. तळाचं 'वरील माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे', स्थळ, दिनांक, सही हे सगळं बाद. त्याच्या जागी 'डायनॅमिक टीम प्लेअर' आला. हा टीम प्लेअर आयपीएलच्या दिवसांत बापाच्या हाती रिमोट लागू देत नाही. आठ महिने ज्या मशीनवर घाम गाळला, त्या मशीनचं नाव मात्र कागदावर आधीही नव्हतं, नंतरही आलं नाही. त्याला स्लाइड नव्हती.

परवा याच कोचच्या संस्थेची जाहिरात व्हॉट्सअॅपवर आली. त्यांनाच माणूस हवा होता. खाली ठळक अक्षरांत: 'आपला सीव्ही/रेझ्युमे/बायोडेटा त्वरित पाठवा.' त्या दोन तिरप्या रेघांत बासष्ट स्लाइड बुडाल्या.

भाच्याला शेवटी चाकणच्या एका कारखान्यातून बोलावणं आलं. गेला. अर्ध्या तासाने फोन. रेझ्युमे कुणी उघडलाच नव्हता. गेटवरच चार पानी छापील फॉर्म हातात दिला, पेन तुमचं तुम्ही आणा म्हणाले.

"मामा, एक रकाना आहे. बाबांचा व्यवसाय काय लिहू?"