रत्नागिरीच्या परसात शिंजीर येतो




गेल्या अंकातील एका पत्रात रत्नागिरीच्या परसात हमिंगबर्ड यावेत म्हणून हमेलिया लावण्याचा सल्ला आहे. पत्रलेखकाची हौस मोलाची, पण पक्षी चुकला. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत आढळतो. कोकणात मकरंद पिणारा चिमुकला पक्षी म्हणजे शिंजीर.

त्याच्यासाठी अमेरिकेतले झुडूप कशाला हवे? आपल्या डोंगरउतारावर धायटी आहे. थंडी सरता सरता तिच्या बाकदार फांद्या लालभडक, नळीसारख्या फुलांनी लगडतात. शिंजीर फांदी घट्ट धरून बसतो, वाकडी चोच नळीत घालतो आणि डोक्याला लागलेले पराग घेऊन पुढच्या फुलाकडे उडतो. मुरुडशेंगेचे फूल तर रंग बदलते: ताजे विटकरी लाल, शिळे निळसर राखाडी. जागा ऐसपैस असेल तर पांगारा लावावा. एकदा रुजली की ही झाडे वर्षानुवर्षे फुलतात.

कातळावर माती कमी, म्हणून खड्डा खणून माती-पालापाचोळा भरावा आणि पाऊस स्थिरावला की रोप लावावे.

मूळ पत्रात एक महत्त्वाची गोष्ट राहून गेली. शिंजीर पिल्लांना मुख्यतः किडे आणि कोळी भरवतो. लोंबते घरटेही कोळ्याच्या जाळ्यानेच विणतो. हापूसच्या मोहरावर फवारणी चालू असते, त्याच सुमारास धायटी फुलते. बागायतदारांनी निदान गडग्यालगतच्या फुललेल्या झुडपांवर औषध उडू देऊ नये, ही कळकळीची विनंती.

— एक वाचक, रत्नागिरी