मुलायम त्वचेचे ऋण

तारुण्यपीटिका आल्या की तरुण मंडळी आरशावर रुसतात. सुरकुत्या दिसू लागल्या की वडीलधारी. या दोन्ही दुखण्यांवर आज एकच नाव पुढे येते : ‘अ’ जीवनसत्त्वापासून बनलेले ट्रेटिनॉइन. ते गुणकारी आहे यात शंका नाही. त्याने त्वचेची रंध्रे तुंबत नाहीत, सुरकुत्या पुसट होतात. मात्र प्रारंभी त्वचा सोलवटते, ऊन सोसवत नाही आणि गर्भवतीने ते लावू नये असे डॉक्टर बजावतात.

परंतु हे औषध आले कोठून? पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे डॉ. अल्बर्ट क्लिगमन यांनी १९५१ ते १९७४ या काळात फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगातील कैद्यांच्या त्वचेवर असंख्य प्रयोग केले. त्यांत ट्रेटिनॉइनही होते. कैदी बहुतांशी कृष्णवर्णीय. कित्येकांचे तर खटलेही चालायचे होते. अमेरिकेत १९७१ मध्ये तारुण्यपीटिकांसाठी आणि १९९५ मध्ये सुरकुत्यांसाठी या औषधाला मान्यता मिळाली. विद्यापीठाने क्षमा मागितली, ती २०२१ मध्ये!

मग औषध फेकून द्यावे काय? मुळीच नाही. गरजूने वैद्यकीय सल्ल्याने ते जरूर वापरावे. पण गजाआड, चार पैशांसाठी दिलेल्या ‘होकारा’ला संमती म्हणता येईल काय? ज्याला ‘नाही’ म्हणण्याची सोय नाही, त्याच्या ‘हो’ला काय किंमत? नव्या औषधाची चाचणी जेथे जेथे गरजवंतांच्या देहावर होते, तेथे हा प्रश्न आपण विचारलाच पाहिजे. होम्सबर्गचे ऋण फेडण्याचा दुसरा मार्ग मला तरी दिसत नाही.