माजी विद्यार्थ्यांची वही

लोणावळ्याच्या हॉटेलांत शनिवार-रविवारी दोन तऱ्हेची माणसे उतरतात. पहिली भुशी धरणावर भिजायला आलेली. दुसरी गळ्यात नावाचे कार्ड अडकवून, बंद सभागृहात बसून काही शिकायला आलेली. बँका, विमा कंपन्या, औषध कंपन्या आपल्या नोकरांना दोन दिवस इथे आणतात. ग्राहकाशी बोलावे कसे, तुटलेले नाते सांधावे कसे, हे त्यांना शिकवतात आणि चिक्कीच्या खोक्यांसह परत पाठवतात. मी मावळातल्या एका महाविद्यालयात तीस वर्षे मराठी शिकवले. या सभागृहांपासून आमचे कॉलेज लोकलने काही स्टेशनांच्या अंतरावर. पण माजी विद्यार्थ्यांशी नाते राखण्याचे काम आमच्याकडे ज्यांच्या गळ्यात पडले, त्यांना कोणी असे दोन दिवस दिल्याचे मला आठवत नाही.

'गळ्यात पडले' हा शब्द मी जपून वापरला आहे. १९९४ साली स्थापन झालेली 'नॅक' महाविद्यालयांची पाहणी करू लागली आणि २०१७ च्या सुधारित चौकटीत तिने माजी विद्यार्थ्यांचा सहभाग हा स्वतंत्र मुद्दा केला. तुमचा माजी विद्यार्थी संघ नोंदणीकृत आहे काय? त्याने किती लाखांचे योगदान दिले? प्रश्न रास्त होते. उत्तरे मात्र गावोगावच्या कॉलेजांत घाईघाईने तयार झाली. आमच्याकडे प्राचार्यांनी मला बोलावून सांगितले, "सर, तुम्ही मराठीचे. पत्रे चांगली लिहाल. संघ तुमच्याकडे." मदतीला ऑफिसातले भाऊसाहेब. एवढ्यावर आमची नेमणूक झाली, आणि प्रशिक्षणही.

मी पत्र खरोखरच चांगले लिहिले. जुन्या रजिस्टरातून पत्ते काढून सहाशे जणांना पाठवले. पंधरा दिवसांनी एक वृद्ध गृहस्थ ते पत्र घेऊन ऑफिसच्या खिडकीशी आले. पत्र त्यांच्या मुलाच्या नावाचे होते. 'आपली उणीव आम्हांला सतत जाणवते' असे मी लिहिले होते. मुलगा चार वर्षांपूर्वी जुन्या हमरस्त्यावर अपघातात गेला होता. गृहस्थ रागावले नव्हते. त्यांना वाटले होते की, कॉलेजला कळले आहे आणि म्हणून पत्र आले आहे. मी खुर्चीत गोठून बसलो. भाऊसाहेब उठले, त्यांना आत घेतले, चहा मागवला आणि म्हणाले, "काका, त्याचा फॉर्म मीच भरून घेतला होता. फोटो विसरला म्हणून परत धाडला होता त्याला." मग कपाटातून तो फॉर्म काढला. त्यावरचा फोटो ते गृहस्थ बराच वेळ बघत राहिले. मी त्या दिवशी एक गोष्ट शिकलो, ती कोणी आधी शिकवली असती तर बरे झाले असते: यादीतले नाव जिवंत आहे का, हे आधी विचारायचे असते आणि ते कोणाला विचारायचे, हे माहीत असावे लागते.

हे काम म्हणजे काय, याची आपल्याकडे मोठी गैरसमजूत आहे. वर्षातून एक मेळावा, मंचावर कोणी उद्योजक, शाल-श्रीफळ, शेवटी देणगीचे आवाहन. हे सोहळ्याचे काम झाले. नात्याचे काम ऑफिसच्या खिडकीशी चालते. जुना विद्यार्थी कॉलेजात आपणहून येतो तो मेळाव्याला नव्हे. कोणाची गुणपत्रिका पुरात भिजली, कोणाला पासपोर्टसाठी जन्मतारखेची खातरी हवी, कोणाला परदेशी नोकरीसाठी जुना अभ्यासक्रम सहीशिक्क्यासह हवा. त्या खिडकीत त्याला 'उद्या या' ऐकू आले, तर पुढे दहा सुंदर पत्रे लिहूनही उपयोग नाही. म्हणून माझे म्हणणे असे की, शिक्षण द्यायचे तर ते संघाच्या अध्यक्षाला नव्हे, आधी खिडकीतल्या माणसाला द्या.

शिकवण्यासारखे खूप आहे. मुलींचेच पाहा. मावळातल्या आमच्यासारख्या कॉलेजात आता वर्गात निम्म्याहून जास्त मुली दिसतात. पण रजिस्टरात त्या वडिलांच्या नावाने आणि माहेरच्या पत्त्याने. लग्न झाले की नाव बदलते, गाव बदलते, कित्येकदा फोनही बदलतो, आणि कॉलेजच्या लेखी ती मुलगी संपते. आमच्या पहिल्या यादीत संपर्क झालेल्या शंभरांत दहासुद्धा बायका नव्हत्या. त्यांपैकी कोणी शिक्षिका आहे, कोणी परिचारिका, कोणी सरपंच. पण त्या कोणाच्याच 'माजी विद्यार्थिनी' नाहीत. उपाय अवघड नाही. नोंदीला आणखी एक रकाना हवा आणि मैत्रिणींच्या साखळीने शोधण्याची चिकाटी. पण हा रकाना हवा, हे कोणीतरी सांगावे लागते.

पैशाचे तर विचारूच नका. परदेशी राहणारा जुना विद्यार्थी रक्कम पाठवू म्हणतो. तो भारतीय नागरिक असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवत असेल, तर ती परकीय देणगी ठरत नाही. तोच अमेरिकेचा नागरिक झाला असेल, तर मराठी कितीही अस्खलित बोलो, २०१० च्या परकीय अंशदान कायद्याप्रमाणे ती परकीय देणगी; तिला वेगळी नोंदणी हवी आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरावीक शाखेतले खाते. हा फरक आमच्या ऑफिसात कोणालाच ठाऊक नव्हता. मलाही नव्हता. संघ सार्वजनिक न्यास म्हणून नोंदवला की, कार्यकारिणी बदलताच धर्मादाय कार्यालयात बदल अहवाल द्यावा लागतो. नोंदणीपुरते उत्साही असलेले किती संघ पुढे तो देत असतील? भरीस २०२३ चा व्यक्तिगत माहिती संरक्षणाचा कायदा. कोणाचा फोन क्रमांक त्याला न विचारता व्हॉट्सॲपच्या घोळक्यात टाकणे, हा आता केवळ शिष्टाचाराचा प्रश्न उरलेला नाही.

अमेरिकेत विद्यापीठांच्या माजी विद्यार्थी चिटणिसांनी आपली पहिली संघटना १९१३ साली काढली. हे काम धंदा म्हणून शिकण्यासारखे आहे, एकमेकांच्या चुकांतून शिकण्यासारखे आहे, हे त्यांना तेव्हाच उमगले. आपल्याकडे मुंबई आयआयटीला नंदन निलेकणी यांनी २०२३ साली ३१५ कोटी रुपये दिल्याची बातमी सर्वांनी वाचली. संस्थेत प्रवेश घेतल्याला तेव्हा पन्नास वर्षे झाली होती. त्या संस्थेत या कामासाठी स्वतंत्र अधिष्ठाता आणि कार्यालय आहे, हे मात्र बातमी वाचणाऱ्यांच्या ध्यानात आले नाही. आमच्या संस्थाचालकांनी ती बातमी मीटिंगमध्ये वाचून दाखवली आणि माझ्याकडे पाहिले.

खरे तर मावळाला यासाठी पवईकडेही पाहायला नको. एकवीरेला जाणारे लोक शेजारच्या कार्ल्याच्या चैत्यात डोकावतात आणि फोटो काढून निघतात. त्यांनी खांब जरा निरखून पाहावेत. दोन हजार वर्षांपूर्वी ज्यांनी त्या लेण्याला दान दिले, त्यांची नावे तिथे कोरली आहेत. धेनुकाकटचा सुगंधी द्रव्यांचा व्यापारी सिंहदत्त. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल. धेनुकाकटचेच कितीतरी यवन, एकेका खांबाचे दाते. घुणिकाची आई म्हणून ओळख दिलेली कोडी नावाची भिक्षुणी. नाव, गाव, धंदा, काय दिले, सगळे आहे. एका खांबाचा दाता आणि अख्ख्या शैलगृहाचा दाता, दोघांचीही नोंद त्याच दगडात. आमच्या पावतीपुस्तकात 'एक हितचिंतक, रु. ५००' असे लिहिलेले असते.

आणि तळेगाव! अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडातून १९०८ साली तिथे काचेचा कारखाना उभा राहिला. माणशी एक पैसा, ही कल्पना. लोकमान्यांनी ती उचलून धरली. त्या कारखान्यात शिकलेले कारागीर पुढे देशभरच्या काच कारखान्यांत पसरले. पैसा पैसा गोळा करायचा तर दारोदार जाणारी, हिशेब चोख ठेवणारी माणसे लागतात. ज्याच्याकडे फक्त पाचशे रुपये आहेत अशा विद्यार्थ्याला संकोच न वाटू देता कसे भेटावे, हे आयआयटीच्या बातमीपेक्षा तळेगावच्या त्या पैशाकडून शिकता येईल. आमची मुले एमआयडीसीत कामगार आहेत, शिक्षक आहेत, टेम्पो चालवतात, हायवेला हॉटेले काढून बसली आहेत. कोटी देणारा कोणी नाही. पण रविवारी येऊन पहिल्या वर्षाच्या पोरांना मुलाखतीची तयारी करून देणारे पंचवीस जण मिळाले. त्यांना ते कोणी विचारलेच नव्हते. आम्ही पत्र पाठवले होते देणगीचे.

पुणे विद्यापीठाने हे मनावर घेणे अवघड नाही. प्राध्यापकांसाठी उजळणी वर्ग आहेत, सरकारी अधिकाऱ्यांसाठी 'यशदा' आहे. कॉलेजांतल्या कारकुनांसाठी वर्षातून चार दिवस काढावेत. शिकवायला सनदी लेखापाल, धर्मादाय कार्यालयातला जाणकार आणि खिडकीत आयुष्य काढलेला एखादा निवृत्त भाऊसाहेब बोलवावा. प्रमाणपत्र द्यावे आणि ते बढतीच्या वेळी मोजावे. त्याशिवाय ते चार दिवस म्हणजे पगारी सहलच होईल. रिसॉर्ट नको, एखाद्या कॉलेजचा मोकळा वर्ग पुरे.

तोवर जे हातात आहे ते निसटते आहे. आमचे भाऊसाहेब निवृत्त झाले. त्यांच्या जागी अजून कोणी आलेले नाही. कपाटाची किल्ली आहे; पण कोणता फॉर्म कोणत्या कपाटात, हे त्यांच्याच डोक्यात. म्हणून मी, आता मीही निवृत्तच, दर रविवारी रजिस्टराच्या झेरॉक्स घेऊन पवन मावळात त्यांच्या घरी जातो. ओट्यावर बसून एकेक नाव वाचतो. हा कुठे, तो काय करतो, हा आता नाही. आवणीच्या दिवसांत दोन रविवार बुडाले. १९९१ च्या बॅचपर्यंत आलो आहोत. गेल्या रविवारी एका नावाशी भाऊसाहेब अडले, मग त्यांनी आत हाक दिली, "अगं, ती वडेश्वरची पोर नाणे मावळात दिली का इकडे?" आतून उत्तर आले, सासरचे आडनाव आणि गावासकट, शिवाय तिचा थोरला आता बारावीला आहे हेही. मी नव्या रकान्यात लिहून घेतले. फोन क्रमांक मात्र तिला विचारूनच लिहायचा, असे आमचे ठरले आहे.