ताजी बिअर आणि शिळा परवाना

परगावचा पाहुणा एखाद्या शहरात उतरला की तेथील खाणावळी, मिठाईची दुकाने आणि चहाची ठिकाणे यांची चौकशी तो निःसंकोच करतो, आणि त्याला उत्तरही तितक्याच मोकळेपणाने मिळते. पुण्यात बाकरवडी कोठे घ्यावी, कोल्हापुरात मिसळ कोठे खावी, हे सांगणारे वाटेवर शंभर भेटतात. त्यावर वादही रंगतात. मात्र त्याच पाहुण्याने ‘येथे चांगली, ताजी बिअर कोठे मिळते?’ असे विचारले, तर उत्तर देणारा आधी आजूबाजूला पाहतो आणि मग जवळच्या ‘वाइन शॉप’कडे बोट दाखवतो. त्या दुकानात वाइन सर्वांत कमी आणि व्हिस्की सर्वांत जास्त असते, ही गोष्ट वेगळी. प्रश्न चांगल्या बिअरचा होता. उत्तर मात्र दारू कोठे मिळते एवढेच आले. या दोहोंतील फरक आपल्या समाजाला आणि शासनाला अद्याप उमगलेला नाही, आणि त्याचे परिणाम एका पाहुण्याच्या गैरसोयीपुरते मर्यादित नाहीत.

पवईचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. १९५८ मध्ये येथे आय.आय.टी.ची स्थापना झाली, शेजारी लार्सन अँड टुब्रोचा प्रचंड कारखाना उभा राहिला, आणि १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून हिरानंदानींच्या उंच, खांबकमानींच्या इमारतींनी जुन्या दगडखाणींच्या टेकड्यांचे रूप पालटून टाकले. पासपोली, तुंगवा, तिरंदाज ही मूळ गावांची नावे आता टपाल कार्यालयाच्या आणि सातबाराच्या कागदांवरच काय ती उरली आहेत. या उपनगरात देशभरातून परीक्षक, प्राध्यापक, अभियंते आणि संगणकाच्या धंद्यातील तरुण सतत येत असतात. बंगळूरहून आलेल्या माणसाला आपल्या शहरात गल्लोगल्ली स्थानिक बिअर बनविणारी उपाहारगृहे असल्याची सवय असते. पवईत तो शोधू लागतो तेव्हा त्याला एकीकडे काचेच्या कपाटात तीच चार नावे मांडलेली ‘बिअर शॉपी’ दिसते, तर दुसरीकडे अंधारी परमिट रूम. त्याला हवे ते येथून फार दूर नसते, पण ते कोठे आहे हे सांगणारी पाटी कोठेच नसते.

वस्तुतः महाराष्ट्र या बाबतीत मागासलेला मुळीच नाही. २००९ साली पुण्यात ‘डूलाली’ सुरू झाली आणि राज्यात लहान प्रमाणावर, जागेवरच बिअर बनविण्याच्या व्यवसायाचा पाया घातला गेला. हे नाव ऐकून अनेकांना ते विलायती वाटते. प्रत्यक्षात ते आपल्या नाशिकजवळच्या देवळालीचे आहे. देवळालीच्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहता पाहता गोरे शिपाई कंटाळून भ्रमिष्ट होत, त्यावरून ‘डूलाली’ म्हणजे डोके फिरलेला, असा शब्द इंग्रजीत रूढ झाला. इंग्रजाने नेलेला मराठी गावाचा शब्द बिअरच्या पेल्यातून परत यावा, हा भाषेचा गमतीदार प्रवास म्हटला पाहिजे. पुढे डोंबिवलीत ‘गेटवे’ने २०१४च्या सुमारास बिअर बनवून ती पिंपांतून मुंबईच्या उपाहारगृहांना पुरविण्यास आरंभ केला. डोंबिवली आणि गव्हाची बिअर यांची सांगड कोणा विनोदी लेखकालाही सुचली नसती! अंधेरीच्या वीरा देसाई रस्त्याच्या परिसरात जुन्या औद्योगिक गाळ्यांतून अशी दोन-तीन ठिकाणे निघाली. लोअर परळला मथुरादास गिरणीच्या आवारात बंगळूरची ‘टॉइट’ आली. आणि पवईच्या पायथ्याशी, साकीविहार रस्त्यावरील एका औद्योगिक वसाहतीत ‘द फिंच’ने संगीताच्या जोडीने स्वतःची बिअर देऊ केली. जेथे कालपर्यंत लेथ चालत होते तेथे आता पोलादी टाक्यांत जव आंबत आहे. गिरणगावाच्या बाबतीत या स्थित्यंतराकडे केवळ कौतुकाने पाहणे कठीण आहे. १९८२च्या संपानंतर ज्यांच्या चुली विझल्या त्यांच्या मुलांना या ठिकाणी पेला परवडत नाही. परंतु तो दोष बिअरचा नव्हे.

अशा बिअरचे वेगळेपण कशात आहे? मोड आणून भाजलेले जव किंवा गहू, हॉपची फुले, यीस्ट आणि पाणी एवढाच तिचा संसार. कारखान्यातील बाटलीबंद बिअर गाळून, उष्णता देऊन महिनोन्‌महिने टिकेल अशी केलेली असते. साखर किंवा तांदूळ घालून तिचा खर्चही उतरवलेला असतो. लहान भट्टीतील बिअर बहुधा न गाळलेली आणि उष्णतेच्या प्रक्रियेविना असते. ती दुधासारखी नाशवंत असते, म्हणून ती थंड ठेवावी लागते आणि लवकर संपवावी लागते. गव्हाच्या बिअरला लवंगेचा आणि केळ्याचा वास येतो तो कोणी त्यात घातलेला नसतो, तो विशिष्ट यीस्टचाच गुण असतो. बेल्जियन पद्धतीच्या बिअरमध्ये मात्र धने आणि संत्र्याची साल खरोखरच असते. हे ज्याला ठाऊक आहे त्याला नव्या शहरात चांगले ठिकाण ओळखण्यास फार वेळ लागत नाही. तो आधी बिअर कधी बनली आणि पिंप केव्हा उघडले हे विचारतो. नळाच्या नळ्या किती दिवसांनी धुतात, हेही विचारतो. पूर्ण पेला मागविण्याआधी घोटभर चाखावयास मागतो. चांगल्या ठिकाणी या प्रश्नांची उत्तरे आनंदाने मिळतात. जेथे वाढपी गोंधळून व्यवस्थापकाकडे पाहू लागतो तेथून उठलेले बरे. गव्हाच्या बिअरला खोबरेल तेलासारखा खवट किंवा भिजल्या पुठ्ठ्यासारखा वास येऊ लागला, तर आतील सजावट कितीही देखणी असो, ती बिअर शिळी झाली आहे.

पाण्याचा विषय निघाला म्हणून थोडे विषयांतर. बिअरमध्ये नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते, आणि पवईचे नाव तर तलावामुळेच सर्वतोमुखी झालेले. हा तलाव १८९१ च्या सुमारास मुंबईची तहान भागविण्यासाठीच बांधला गेला. पण त्याचे पाणी पिण्याच्या लायकीचे नाही असे थोड्याच वर्षांत आढळून आले. शेजारचा विहार तलाव १८६० पासून आजतागायत शहराला पाणी देतो, आणि पवईच्या तलावात मात्र जलपर्णी आणि सांडपाणी साठते. तलावाकाठी बनणारी बिअरही अर्थातच दूरच्या तलावांतून आलेल्या पाण्यावर बनते. छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादच्या, औद्योगिक क्षेत्रातील मोठ्या बिअर कारखान्यांच्या पाण्यात २०१६च्या दुष्काळात उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने मोठी कपात करावयास लावली होती. बिअरची चर्चा करताना मराठवाड्यातील टँकरमागे उभ्या असलेल्या बाईची आठवण ठेवणे हा काही अरसिकपणा नव्हे.

आता कायद्याकडे वळू. महाराष्ट्रातील मद्यविषयक कायदा हा आजही मुळात १९४९चा दारूबंदी कायदाच आहे. बाळासाहेब खेर मुख्यमंत्री आणि मोरारजी देसाई गृहमंत्री असताना तो झाला. साठच्या दशकापासून बंदी क्रमाक्रमाने सैल होत गेली, पण कायद्याचे नाव आणि त्याचा पिंड तोच राहिला. परिणामी आज मद्य पिणाऱ्याजवळ वैयक्तिक परवाना असणे आवश्यक आहे. तो एका दिवसाचा, वर्षाचा किंवा आजन्म मिळतो. एका दिवसाच्या परवान्याची किंमत चहाच्या कपाहूनही कमी असते. आपल्याला आरोग्य राखण्यासाठी मद्याची गरज आहे, अशी या परवान्यामागची भूमिका. पवईला आलेला पाहुणा एक पेला गव्हाची बिअर पितो तेव्हा कायद्याच्या दृष्टीने तो औषधोपचार घेत असतो! प्रत्यक्षात परवाना कोणी विचारत नाही आणि कोणी दाखवत नाही. विक्रेत्याच्या खणात एक गठ्ठा पडलेला असतो, एवढेच. ज्या नियमाचे पालन करावयाचे नाही असे शासन आणि नागरिक या दोघांनी मूकपणे ठरवलेले असते, तो नियम फक्त हप्त्याच्या कामी येतो.

याच्याशी बव्हेरियाच्या १५१६च्या फर्मानाची तुलना करून पाहण्यासारखी आहे. तेथील राज्यकर्त्यांनी बिअर कोणी प्यावी याची चिंता केली नाही. बिअरमध्ये काय असावे आणि ती काय भावाने विकावी, हे त्यांनी ठरवून दिले. जव, हॉप आणि पाणी, इतकेच घालण्याची मुभा होती. पाचशे वर्षांपूर्वीच्या त्या सरदारांना ग्राहकाच्या पेल्याची काळजी होती. आमच्या कायद्याला त्याच्या चारित्र्याची आहे. इंग्लंडमध्ये मोठ्या कंपन्यांनी बेचव बिअर सर्वत्र लादली तेव्हा १९७१ मध्ये ग्राहकांनीच संघटना उभारली आणि चांगल्या बिअरच्या ठिकाणांची मार्गदर्शिका दरवर्षी प्रसिद्ध करण्याचा पायंडा पाडला. मुंबईत १९७५ पासून ग्राहक पंचायतीसारखी समर्थ चळवळ आहे. तिने तेल, डाळ, औषधे आणि घरबांधणी यांबाबत जे केले ते मोलाचे आहे. पण बिअरच्या पेल्याला हात लावण्याचे धाडस कोणती मराठी ग्राहकसंस्था करील? मद्याच्या जाहिरातीला कायद्याने बंदी, म्हणून उत्पादक आपल्या मालाविषयी बोलू शकत नाही. संकोचामुळे ग्राहक बोलत नाही. आणि बड्या कंपन्या मात्र त्याच नावाचा सोडा आणि त्याच नावाच्या संगीतरजनी यांची जाहिरात करून सुखेनैव घरोघरी पोचतात. बंदीचा फटका बसतो तो साकीविहार रस्त्यावरच्या किंवा डोंबिवलीच्या लहान उत्पादकाला. त्याला सोडा विकून नाव गाजविणे परवडत नाही.

या सगळ्यावर एक गंभीर आक्षेप आहे, आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. ज्या राज्यात गडचिरोलीच्या स्त्रियांनी लढून १९९३ मध्ये जिल्ह्यात दारूबंदी आणली, ज्या राज्यात ‘उभी बाटली की आडवी बाटली’ यावर मतदान करून बायका दुकाने बंद पाडतात, तेथे उच्चभ्रूंच्या चवीचे चोचले पुरविण्याची ही कसली घाई? आक्षेपामागची वेदना खरी आहे. दारूने संसार उद्ध्वस्त झालेले घर पवईच्या फिल्टरपाड्यातही सापडेल, आणि हिरानंदानींच्या विसाव्या मजल्यावरही. परंतु चंद्रपूरचा अनुभवही विसरता येत नाही. २०१५ मध्ये आणलेली तेथील बंदी २०२१ मध्ये उठवावी लागली, कारण दारू थांबली नव्हती, फक्त दृष्टीआड गेली होती. आणि पवईच्या अगदी शेजारचे उदाहरण तर त्याहून भीषण आहे. डिसेंबर २००४ मध्ये विक्रोळीला विषारी हातभट्टीने ऐंशीहून अधिक माणसांचा बळी घेतला. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत मिथेनॉल मिसळलेल्या दारूने शंभराहून अधिक जीव गेले. मरणारे हमाल होते, बिगारी होते, रिक्षावाले होते. त्यांच्या पेल्यात काय आहे हे तपासणे ज्या खात्याचे काम, त्याचे लक्ष कराच्या उद्दिष्टावर होते. शासनाची दृष्टी मद्याच्या गुणावर कधीच नसते, ती केवळ महसुलावर आणि नैतिकतेच्या देखाव्यावर असते. त्या एकाच दृष्टिदोषामुळे एका टोकाला पाहुण्याला शिळी बिअर मिळते आणि दुसऱ्या टोकाला मजुराला विष मिळते. दोन्ही दुःखे एका मापाची आहेत असे कोणी म्हणणार नाही, पण मूळ एकच आहे.

राज्यकर्त्यांची दोलायमान वृत्ती अलीकडच्या निर्णयांतूनही दिसून येते. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला. गदारोळ उठला, आणि तो निर्णय अमलात आलाच नाही. करोनाच्या काळात २०२० मध्ये लहान उत्पादकांना ताजी बिअर बरणीत भरून घरी नेण्यास देण्याची मुभा मिळाली, तीही उत्पादकांच्या टाक्या ओतून द्यावयाची वेळ आली होती म्हणून. जून २०२५ मध्ये विदेशी पद्धतीच्या मद्यावरील शुल्कात मोठी वाढ झाली, तीतून बिअर व वाइन वगळण्यात आल्या. सौम्य पेयाला तीव्र पेयाहून वेगळी वागणूक द्यावी, हे तत्त्व त्यात अस्पष्टपणे का होईना मान्य झाले. वयाच्या अटीतही ते आधीच आहे; सौम्य बिअर व वाइन यांना २१ वर्षे, इतर मद्याला २५. मग परवान्याच्या थट्टेलाच शासन का चिकटून बसले आहे, हे समजत नाही. बाजारात खपणारी बहुतांश बिअर ‘स्ट्राँग’ असते, कारण गिऱ्हाईक रुपयामागे नशा मोजते. त्याला चव आणि ताजेपणा मोजावयास शिकविणारा धंदा शासनाने संशयाने पाहावा, यात शहाणपण नाही.

करावयाचे ते फार अवघड नाही. बाटलीवर उत्पादनाची तारीख आणि मद्याचे प्रमाण छापण्याचे बंधन आहे. नळाच्या बिअरला बाटलीच नसते, म्हणून ती माहिती गिऱ्हाइकापुढे येतच नाही. प्रत्येक नळाशी, मराठीत आणि ठळक अक्षरांत, बिअर कोठे बनली, कोणत्या तारखेला बनली आणि तिच्यात मद्य किती टक्के आहे, हे फळ्यावर लिहिण्याची अट घालावी. वैयक्तिक परवान्यांच्या गठ्ठ्यांवर शिक्के मारण्यात जाणारे निरीक्षकांचे तास नमुने तपासण्याकडे वळवावेत, आणि ती तपासणी साकीविहारच्या पोलादी टाकीपासून सुरू होऊन विक्रोळीच्या झोपडपट्टीतील देशी दारूच्या दुकानापर्यंत आणि त्यामागच्या गल्लीपर्यंत जावी. पिऊन गाडी हाकणाऱ्याला जोगेश्वरी–विक्रोळी जोडरस्त्यावर मध्यरात्री अडवावे, आणि त्यात मोटारीच्या किमतीचा विचार करू नये. आडव्या बाटलीचा स्त्रियांचा हक्क तसाच अबाधित राहावा. फळ्यावर तारीख लिहावयास लावण्यासाठी तर १९४९च्या कायद्याला हात लावण्याचीही आवश्यकता नाही. अनुज्ञप्तीच्या अटींत एक ओळ वाढवली तरी काम भागेल.