दुकानाला उसने नाव नको

नवा धंदा सुरू करणारा माणूस गाळ्याचे भाडे, डिपॉझिट, यंत्रे, फर्निचर आणि कर्जाचा हप्ता यांचा हिशेब महिनोन्महिने मांडतो. नावाचा विचार मात्र पाटीवाला "काय लिहू?" असे विचारतो तेव्हा सुरू होतो. मग घाईघाईने शेजारच्या चालत्या दुकानासारखे, देवाचे, इंग्रजी कोशातले किंवा आकड्यांच्या जुळणीतून निघालेले एखादे नाव पाटीवर चढते. या सगळ्या नावांचा दोष एकच आहे. ती उसनी आहेत. माझे म्हणणे असे, की छोट्या धंद्याचे नाव त्या धंद्याचे स्वतःचे असले पाहिजे. या मालामागे कोण उभे आहे ते त्या नावावरून कळले पाहिजे आणि उद्या कोणी ते पळवू पाहिले, तर 'हे आमचे' असे न्यायालयात ठामपणे सांगता आले पाहिजे. याच्याविरुद्ध जे जे सांगितले जाते, ते एकेक तपासून पाहू.

पहिला आक्षेप असा, की माल चांगला असला म्हणजे नाव कोणतेही चालते. यातला पूर्वार्ध खरा आहे. वाईट मालाला कोणतेच नाव तारत नाही. पण चांगल्या मालाची पत साठते कुठे? ती गाळ्यात साठत नाही, कारण गाळा भाड्याचा असतो. कारागिरात साठत नाही, कारण कारागीर सोडून जाऊ शकतो. ती नावातच साठते. लोणचे आवडलेल्या बाईला दुसऱ्या वेळी तेच लोणचे मिळवायचे असेल, तर तिच्या हाती नावाखेरीज दुसरे काही नसते.

अहमदाबादमध्ये 1982 पासून 'मुक्तजीवन' नावाची एक कलर लॅब चालू होती. पुढे दुसऱ्या कोणी त्याच नावाने तोच धंदा सुरू करायची तयारी केली. दोन दुकानांत चार-पाच किलोमीटरचे अंतर आहे, या मुद्द्यावर खालच्या न्यायालयाने मनाई हुकूम नाकारला आणि उच्च न्यायालयानेही तेच कायम केले. सर्वोच्च न्यायालयाने मात्र डिसेंबर 2001 मध्ये हा निर्णय फिरवला. नावाभोवती जमलेली पत ही मिळकत आहे आणि ती दुसऱ्याने वापरू नये, हे त्या निकालाचे सार. फोटो धुऊन देणाऱ्या एका दुकानाला केवळ नावासाठी दिल्लीपर्यंत जावे लागले. नाव क्षुल्लक असते, तर कोणी एवढा खटाटोप केला नसता.

दुसरे मत याच्या अगदी उलट टोकाचे आहे. नावाला एवढी किंमत आहे ना, मग प्रसिद्ध नावाच्या जवळ जाणारे नाव घ्या, एखादे अक्षर बदला, गिऱ्हाईक आपोआप येईल, असे सांगणारे सल्लागार प्रत्येक बाजारपेठेत भेटतात. हा सल्ला अप्रामाणिक आहे आणि धोक्याचाही आहे. कायदा अक्षरे मोजत बसत नाही. साधारण स्मरणशक्तीच्या, घाईत असलेल्या गिऱ्हाइकाच्या कानाला काय ऐकू येते, ते तो पाहतो. 'अमृतधारा' आणि 'लक्ष्मणधारा' या औषधांच्या नावांचा वाद 1962 साली सर्वोच्च न्यायालयासमोर आला, तेव्हा या दोन नावांत सामान्य माणसाचा गोंधळ होऊ शकतो, असेच न्यायालयाने म्हटले. जुना वापर आणि समोरच्याने दीर्घकाळ बाळगलेले मौन यांमुळे लक्ष्मणधाराला उत्तर प्रदेशापुरती वाट मिळाली, एवढेच. पुढे 2001 साली 'महेंद्र अँड महेंद्र' या नावाच्या कागद कंपनीवर 'महिंद्र अँड महिंद्र'ने मिळवलेली अंतरिम मनाईही कायम राहिली. मोठ्या कंपन्यांना वकील परवडतात. तीन लाखांचे मुद्रा कर्ज काढून बेकरी टाकणाऱ्याने नोटीस आल्यावर काय करायचे? पाटी, पिशव्या, लेबले, बिलबुके, जीएसटीतले व्यापारी नाव, अन्न परवाना, बँकेचे चालू खाते, नकाशावरची नोंद, सगळे बदलावे लागते. आणि तोवर कमावलेली पत ज्याच्या नावाची नक्कल केली, त्याच्याच खात्यावर जमा झालेली असते.

इथेच एक सार्वत्रिक गैरसमज दूर केला पाहिजे. शॉप अ‍ॅक्टचा कागद मिळाला, उद्यम नोंदणी झाली, जीएसटी क्रमांक आला, म्हणजे नाव आपले झाले, असे अनेक जण धरून चालतात. तसे होत नाही. हे कागद धंद्याची नोंद करतात, नावाची मालकी देत नाहीत. कंपनी म्हणून नोंदणी झाली तरीही ती मालकी आपोआप मिळत नाही. नावाच्या हक्काचा कायदा वेगळा आहे, तो म्हणजे व्यापारचिन्ह अधिनियम, 1999. त्याखाली माल आणि सेवा यांचे 45 वर्ग आहेत. मसाले आणि बेकरीचा माल 30व्या वर्गात येतो, लोणची आणि दुधाचे पदार्थ 29व्यात, खानावळ 43व्यात. व्यक्ती किंवा छोटा उद्योग यांना ऑनलाइन अर्जासाठी एका वर्गाला 4,500 रुपये शुल्क पडते. नोंदणी झाली की ती 10 वर्षे चालते आणि पुन्हा वाढवता येते. आधी कोणाचे तसे नाव आहे का, हे सरकारी संकेतस्थळावर फुकट पाहता येते. पाटी रंगवण्याआधी ही एक संध्याकाळ खर्च करणे हे प्रत्येक धंदेवाल्याचे कर्तव्य आहे, असे मी मानतो.

तिसरे मत सांगते, की आपण काय विकतो ते नावातच आले पाहिजे. 'शुद्ध घरगुती मसाले', 'ताजी भाजी', 'उत्तम टेलर्स'. सोय म्हणून हे पटण्यासारखे वाटते. पण मालाचे केवळ वर्णन करणारा शब्द कोणा एकाच्या नावावर करून देता येत नाही, असे व्यापारचिन्ह कायद्याचे 9वे कलम सांगते, आणि ते न्याय्यच आहे. 'शुद्ध' हा शब्द एकाने अडवला, तर बाकीच्यांनी आपला माल कसा सांगायचा? वर्णन नावाच्या मागे जोडावे, त्यालाच नाव करू नये. 'चितळे बंधू मिठाईवाले' या नावात 'मिठाईवाले' धंदा सांगतो, पण लोक ओळखतात ते 'चितळे' या शब्दाने. गावाच्या नावाचेही असेच आहे. कोल्हापुरी चपलेला, कोल्हापूरच्या गुळाला, कोकणातल्या हापूसला भौगोलिक मानांकन आहे. त्या मातीतला माल नसताना त्या मातीचे नाव लावणे, ही तिथल्या शेतकऱ्याच्या आणि कारागिराच्या पदरची उचल आहे.

चौथे मत देवाच्या आणि थोरांच्या नावांचे. इथे श्रद्धेचा प्रश्न आहे, म्हणून जपूनच बोलतो. देवाचे नाव घेऊन धंदा सुरू करण्यात काही वावगे नाही. पण एकाच रस्त्यावर तीन 'साई' आणि दोन 'गजानन' असतील, तर गिऱ्हाइकाने कोणाला शोधायचे? शिवाय जे सर्वांचे आहे ते एकाचे होत नाही. उदबत्तीसाठी 'रामायण' या नावावर हक्क सांगणारा दावा सर्वोच्च न्यायालयाने 2015 साली मान्य केला नाही. थोरांच्या नावांबाबत तर स्पष्ट बंदी आहे. चिन्हे आणि नावांच्या अनुचित वापराला आळा घालणाऱ्या 1950च्या केंद्रीय कायद्याच्या अनुसूचीत छत्रपती शिवाजी महाराज, महात्मा गांधी यांची नावे आहेत. व्यापारासाठी ती परस्पर वापरता येत नाहीत. महाराष्ट्राने 2022च्या दुरुस्तीत मद्याच्या दुकानांना महापुरुषांची आणि गडकिल्ल्यांची नावे द्यायला मनाई केली, तीही योग्यच. आपल्या जुन्या चोपड्यांत याची उत्तम रीत होती. वर मध्यभागी 'श्री', त्याखाली पेढीचे नाव. भक्तीला भक्तीची जागा, ओळखीला ओळखीची. आजच्या पाटीनेही तेच करावे.

आकडेशास्त्राचे म्हणणे थोडक्यात निकालात काढता येते. शुभ अंकासाठी इंग्रजी स्पेलिंगमध्ये जादा अक्षर घातले, की गिऱ्हाईक शोधताना नेहमीचेच स्पेलिंग टाइप करते आणि दुसऱ्याच दुकानावर पोचते. मुहूर्त पाहायचा तर उद्घाटनाचा पाहावा. नावाचे अक्षर त्यासाठी मोडू नये.

सर्वांत जास्त पसरलेले मत इंग्रजीचे आहे. मराठी नाव ठेवले की धंदा लहान वाटतो, तरुण गिऱ्हाईक येत नाही, असे मराठी मुलेच मला सांगतात, तेव्हा वाईट वाटते. माझा इंग्रजीशी झगडा नाही. दांडेकर बंधूंनी 1931 साली मुंबईत शाईचा धंदा सुरू केला. त्यांच्या 'कॅमल' शाईतून पुढे 'कॅमलिन' झाले आणि महाराष्ट्रातल्या शाळकरी पोरांच्या दप्तरांत ते नाव घरचे होऊन राहिले. शब्द कुठलाही असो, तो आखूड होता, उच्चारायला सोपा होता आणि त्यांचा स्वतःचा होता. माझा विरोध आहे तो ज्यात आपले काहीच नाही अशा पोकळ भपक्याला. अर्बन, रॉयल, ग्रँड, क्लासिक हे शब्द आज इतक्या पाट्यांवर आहेत, की त्यांनी कोणाचीच ओळख पटत नाही. आणि मराठी नाव लहान वाटते म्हणणाऱ्यांनी सांगलीच्या गाडगीळांची 1832 सालची पेढी पाहावी, गिरगावातल्या बेडेकरांचा मसाला पाहावा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले, तेव्हा पाटीवर आडनावच होते. 1910 नंतर कुंडलच्या माळावर त्यांचा कारखाना उभा राहिला आणि त्या वस्तीलाच किर्लोस्करवाडी हे नाव पडले. नाव मोठे होते ते त्याच्यामागच्या कामाने.

शिवाय आता राज्यात प्रत्येक दुकानाची पाटी देवनागरीत असणे बंधनकारक आहे आणि ही अक्षरे इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान असता कामा नयेत. पूर्वी दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांना यातून सूट मिळे, ती 2022 साली गेली. मग नाव निवडतानाच ते देवनागरीत लिहून पाहावे, मोठ्याने म्हणावे, फोनवरून एखाद्या म्हाताऱ्या आत्याला सांगावे. तिने ते दुसऱ्याला बिनचूक सांगितले, तर ते नाव चालेल.

आता सर्वांत गंभीर आक्षेप. 'स्वतःचे नाव लावा' असे सांगणे ज्याच्या आडनावाला बाजारात मान आहे त्याला सोपे जाते. महाराष्ट्रात आडनावावरून जात ओळखली जाते आणि खाण्याच्या पदार्थाच्या पाटीवर काही आडनावे दिसली, की पाय मागे घेणारी माणसे अजून आहेत. हा आक्षेप खरा आहे आणि त्याची लाज वाटायला हवी ती पाय मागे घेणाऱ्यांना. ज्याच्या पोटावर त्या भेदाचा घाव पडतो, त्याला कोणी आडनाव लावण्याचा उपदेश करू नये. त्याने अभिमानाने लावले तर त्याच्या दुकानातून खरेदी करणे हे आपले काम. त्याने नाही लावले, तरी नाव त्याचे स्वतःचे असू शकते. स्वतःचे नाव म्हणजे आडनावच, असे मी म्हणत नाही.

घरगुती उद्योग करणाऱ्या बाईचेही तसेच. पहाटे उठून पीठ ती मळते आणि लेबलवर नवऱ्याचे आडनाव जाते. तिचे पहिले नाव काय कमी आहे? आणि धंदा अनेकींचा असेल, तर सर्वांनी मिळून निवडलेला शब्द हेच सर्वांत न्याय्य नाव. मुंबईत 1959 साली सात जणींनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. भांडवल उसने होते, पण नाव त्यांनी उसने घेतले नाही. 1962 साली आपसांत स्पर्धा ठेवली, पाच रुपये बक्षीस लावले आणि 'लिज्जत' हा शब्द निवडला. ना सल्लागाराची फी, ना परक्या यशाची नक्कल.

कधी नाव गिऱ्हाईकच देते. ठाण्यात मामलेदार कचेरीलगतच्या मिसळीला लोकांनी 'मामलेदार मिसळ' म्हटले आणि तेच टिकले. जागा खरी होती, मिसळ खरी होती, म्हणून नावही खरे ठरले. लोकांच्या तोंडी असे एखादे नाव रुळताना दिसले, तर मालकाने हट्ट सोडून ते स्वीकारावे आणि वेळीच नोंदवून घ्यावे.

एक पथ्य मात्र आडनाववाल्यांनीही पाळले पाहिजे. स्वतःचे नाव प्रामाणिकपणे वापरायला कायद्याचा अडसर नाही, पण आपले आडनाव एखाद्या नामांकित पेढीशी जुळत असेल, तर आद्याक्षरे, गाव किंवा गल्ली जोडून वेगळेपण स्पष्ट करावे आणि तिचे रंग, तिचे अक्षरवळण यांच्या वाटेला जाऊ नये. जन्माने मिळालेले आडनावही नक्कल करण्यासाठी वापरले, की ते उसनेच होते.

म्हणून नवा धंदा टाकणाऱ्यांना माझे एवढेच सांगणे. नावांची यादी समोर घेऊन बसाल तेव्हा यशाचा विचार बाजूला ठेवा आणि तक्रारीचा करा. बर्फीला वास आला, शिवण उसवली, दुरुस्त केलेला पंखा आठवड्यात बंद पडला, तर संतापलेले गिऱ्हाईक कोणाचे नाव घेत परत येईल? ते नाव ऐकून तुम्हाला काउंटरमागून उठून पुढे यावेसे वाटणार असेल, तर ते तुमचे आहे. ते आजच नोंदवा, पाटीवर ठळक देवनागरीत लिहा आणि मुलांच्या हाती धंदा देताना गाळा, यंत्रे आणि गिऱ्हाइकांबरोबर तेही मिळकत म्हणून त्यांच्या हवाली करा.